शंखखंडीय अपस्माराचा अभ्यास आणि मेंदूतील चयापचय द्रव्यांचे प्रतिमांकन

प्रस्तावना :

अपस्मार म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. जमिनीवर कोसळलेला मनुष्य, आखडलेले हातपाय, तोंडाला आलेला फेस आणि भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी नाकाशी धरलेली चप्पल किंवा फोडलेला कांदा. फेफरे, मिरगी, फीट, आकडी ही बोलीतील नावेही याच चित्राला अनुसरून पडलेली आहेत. तथापि प्रौढांमध्ये मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या अपस्माराचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, त्या शंखखंडीय अपस्मारात हे चित्र पुष्कळदा दिसतच नाही. पोटातून काहीतरी वर चढत असल्याची जाणीव, कारण नसताना दाटून येणारी भीती, समोरचे सारे पूर्वी कधीतरी घडून गेले आहे असा भास. त्यानंतर शून्यात लागलेली नजर, काही चघळत असल्यासारखे हलणारे ओठ, पदराशी वा सदऱ्याच्या गुंडीशी चाललेला बोटांचा चाळा. एक-दोन मिनिटांत हे सर्व संपते आणि मधल्या काळातले रुग्णाला काही आठवत नाही. असा झटका वर्गात आला तर प्राध्यापकांना तो विद्यार्थिनीचा बेसावधपणा वाटतो. घरी आला तर ते ‘बाहेरचे’ ठरते आणि डॉक्टरांच्या आधी देवस्थान गाठले जाते.

या आजाराचा व्याप लहान नाही. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार अपस्माराचे प्रमाण दर हजारी पाच ते साडेपाचच्या आसपास येते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईच्या वसाहतींतील चौदा हजार पारशी रहिवाशांची पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीत हे प्रमाण हजारी ४.७ आढळले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार होती. हजारी पाच हे प्रमाण धरले तर एकट्या या जिल्ह्यात सोळा-सतरा हजार अपस्मारग्रस्त असावेत असा अंदाज निघतो. नायगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात दोन हजार विद्यार्थी असतील, तर त्यांत आठ-दहा जणांना हा आजार असणे शक्य आहे. ते सांगत नाहीत, एवढेच. न सांगण्याची कारणेही उघड आहेत. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांना विवाहातील बाधा ठरविले होते. १९९९ च्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकण्यात आली. कायद्यातून शब्द गेला. सोयरिकीच्या बैठकीतून तो अद्याप गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात या आजाराच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या एका विशिष्ट तंत्राचा परिचय करून द्यावयाचा आहे. नेहमीच्या एमआरआय तपासणीत मेंदूची रचना दिसते. त्याच यंत्राचा वेगळ्या रीतीने वापर केला असता मेंदूच्या एखाद्या भागात कोणती रासायनिक द्रव्ये किती प्रमाणात आहेत हेही कळू शकते. या पद्धतीस चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटमिती म्हणतात आणि तिच्या साहाय्याने काढलेल्या नकाशास चयापचय द्रव्यांचे प्रतिमांकन म्हणता येईल. या तंत्राने नेमके काय कळते, काय कळत नाही आणि नांदेड-लातूर भागातील रुग्णाच्या दृष्टीने त्याला किती महत्त्व द्यावे, असे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

शंखखंड, स्मृती आणि बाजूचा प्रश्न :

मेंदूचा शंखखंड, म्हणजे टेंपोरल लोब, दोन्ही बाजूंना कानशिलाच्या आत असतो. त्याच्या आतल्या कडेस हिप्पोकॅम्पस नावाचा चार-पाच सेंटिमीटर लांबीचा, वळलेला भाग आहे. नव्या घटनांची स्मृती तयार होण्याचे काम प्रामुख्याने याच्याशी निगडित आहे. आयुर्वेदाने या आजाराला दिलेल्या ‘अपस्मार’ या नावातच स्मृतीचा लोप अभिप्रेत आहे. चरकसंहितेच्या कर्त्यांना हिप्पोकॅम्पस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु रुग्णाचे निरीक्षण त्यांनी बारकाईने केले होते, हे या नावावरून मान्य करावे लागते.

शंखखंडीय अपस्माराच्या बऱ्याच रुग्णांत हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशी नष्ट झालेल्या असतात, त्यांची जागा आधारपेशींनी घेतलेली असते आणि तो भाग आक्रसून कठीण झालेला असतो. अशा रुग्णांचे झटके औषधांना पुष्कळदा दाद देत नाहीत. ग्लासगो येथे ५२५ अपस्मार रुग्णांचा जो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ६३ टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त झाले होते. यापूर्वी कोणताही उपचार न झालेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले; मात्र पहिले औषध निष्फळ ठरल्यावर पुढच्या औषधांकडून मिळणारा लाभ झपाट्याने घटत गेला. यावरूनच पुढे, २०१० मध्ये, योग्य निवडलेली व योग्य मात्रेत घेतलेली दोन औषधे अपयशी ठरली की आजार औषधांना दाद न देणारा मानावा, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय स्तरावर स्वीकारली गेली. दहा-दहा वर्षे गोळ्या बदलत राहण्यास शास्त्रीय आधार नाही, हा या व्याख्येचा सरळ अर्थ होय.

मग पर्याय शस्त्रक्रियेचा उरतो. भारतात अपस्मारावरील शस्त्रक्रियेचा आरंभ वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी १९५२ मध्ये केला. ते माँट्रिअल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आले होते. या शस्त्रक्रियेचा निर्णायक पुरावा मात्र २००१ मध्ये कॅनडातून आला. औषधांना दाद न देणाऱ्या ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. औषधांच्या गटात हे प्रमाण केवळ ८ टक्के होते आणि त्या गटातील एक रुग्ण दरम्यान मृत्यू पावला.

परंतु शस्त्रक्रिया करावयाची तर झटका कोणत्या बाजूच्या शंखखंडातून सुरू होतो हे निःसंशय ठरले पाहिजे. येथे चूक परवडत नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचा आतला शंखखंड काढला. झटके कमी झाले; परंतु २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या पंचावन्न वर्षांत त्याला नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. यातून मिळालेला धडा असा की एका बाजूचा हिप्पोकॅम्पस काढायचा असेल, तर मागे राहणारा दुसरा धड असला पाहिजे. म्हणून शल्यचिकित्सकाला दोन गोष्टी जाणून घ्याव्या लागतात : रोगट बाजू कोणती, आणि उरणारी बाजू कितपत निरोगी. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत्‌क्रियेचा आलेख, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, तेही नेहमी स्पष्ट नसते. एमआरआयमध्ये एक हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसला तर प्रश्न बराच सुटतो. तथापि काही रुग्णांचा एमआरआय अगदी निर्दोष दिसतो आणि झटके मात्र सुरूच असतात. रासायनिक तपासणीची गरज निर्माण होते ती येथे.

फळ्यावरील तीन शिखरे :

रसायनशास्त्राच्या पदवी वर्गात इथाइल अल्कोहोलचा एनएमआर वर्णपट फळ्यावर काढून दाखविला जातो. त्यात तीन शिखरे असतात. अल्कोहोलच्या एकाच रेणूतील हायड्रोजनची केंद्रके, म्हणजे प्रोटॉन, शेजारच्या अणूंनुसार किंचित भिन्न वारंवारतेस प्रतिसाद देतात, त्यामुळे ती तीन ठिकाणी विभागली जातात. हा वर्णपट १९५१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रथम नोंदविला गेला. तो प्रसिद्ध करणाऱ्या तिघांमध्ये अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासमवेत एस. एस. धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ होते. पुढे याच धर्मट्टींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर संशोधनाचा पाया घातला. पाठ्यपुस्तकांत ही आकृती असते. धर्मट्टींचे नाव बहुधा नसते.

मेंदूच्या चयापचय द्रव्यांचे प्रतिमांकन हे तत्त्वतः याच तीन शिखरांचा विस्तार आहे. परीक्षानळीच्या जागी जिवंत मेंदू असतो, एवढाच फरक. पण तो फरक फार मोठा आहे. एमआरआय यंत्र रुग्णाला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवते. १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्रात प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख आवर्तनांच्या वारंवारतेस प्रतिसाद देतात. नेहमीची प्रतिमा तयार होते ती मुख्यतः पाण्याच्या प्रोटॉनांपासून. वर्णपटमितीला पाण्याशी कर्तव्य नसते. तिला पाण्यात विरघळलेली द्रव्ये हवी असतात. ही द्रव्ये लिटरला काही मिलिमोल एवढीच असतात आणि पाण्याचा संदेश त्यांच्या हजारोपट मोठा असतो. आठवडी बाजाराच्या कोलाहलात पलीकडच्या दुकानातील कुजबुज ऐकू यावी, तसा हा प्रकार आहे. सुदैवाने पाण्याची वारंवारता ठाऊक असते. विशिष्ट स्पंदांनी पाण्याचा संदेश आधी दडपून टाकला जातो आणि मग मोजणी होते.

मोजणीचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात मेंदूतील एकच ठोकळा निवडून त्याचा वर्णपट घेतात. प्रत्येक बाजूस दोन सेंटिमीटर धरल्यास त्याचे आकारमान आठ घनसेंटिमीटर होते. दुसऱ्या मार्गात मेंदूच्या एका संपूर्ण छेदाची लहान चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीचा वर्णपट एकाच वेळी मिळवतात. अशा चौकटीचे आकारमान एक घनसेंटिमीटरच्या आसपास आणता येते. या वर्णपटांतील एखाद्या द्रव्याचे प्रमाण रंगांनी दर्शविले की त्या द्रव्याचा नकाशा तयार होतो. उजव्या आणि डाव्या बाजूची तुलना करण्यास दुसरा मार्ग अधिक उपयुक्त ठरतो. दोन्हींत सुई नाही, किरणोत्सर्गी द्रव्य नाही. एनएमआर या नावातील ‘न्यूक्लिअर’ हा शब्द रुग्णालयात शिरताना गाळला गेला, तो लोकांच्या मनातील अणुबॉम्बच्या भीतीमुळे. वस्तुतः येथे केंद्रकाचे विघटन होत नाही.

वर्णपटातील द्रव्ये :

मेंदूच्या वर्णपटातील सर्वांत उंच शिखर एन-ॲसिटाइल-ॲस्पार्टेट या द्रव्याचे असते. त्याला एनएए म्हणतात. १९५६ मध्ये सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ते प्रथम आढळले. प्रौढ मेंदूत हे द्रव्य जवळजवळ संपूर्णपणे चेतापेशींतच असते आणि ते पेशीतील ऊर्जाकेंद्रांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, तयार होते. त्याचे नेमके कार्य काय, यावर अद्याप एकमत नाही. पण चेतापेशींच्या आरोग्याचे निदर्शक म्हणून त्याचा उपयोग सर्वमान्य आहे. दुसरे शिखर क्रिएटीनचे. ते ऊर्जेच्या साठ्याशी संबंधित असून चेतापेशी व आधारपेशी दोहोंत असते. तिसरे कोलीनयुक्त द्रव्यांचे. ते पेशीपटलांच्या घडणीचे व झिजेचे द्योतक होय. मायो-इनॉसिटॉल हे आधारपेशींत अधिक असते, त्यामुळे हिप्पोकॅम्पस कठीण झाल्यावर त्याचे प्रमाण वाढण्याची अपेक्षा असते. लॅक्टेटचे शिखर निरोगी मेंदूत जवळपास दिसत नाही. झटक्यानंतर काही तासांत तपासणी झाली तर त्या बाजूस ते दिसू शकते. याखेरीज ग्लुटामेट आणि गाबा ही दोन द्रव्ये आहेत. पहिले चेतापेशीला उत्तेजित करते, दुसरे आवर घालते.

क्रिएटीन आणि कोलीन यांची शिखरे एकमेकांच्या अगदी निकट असतात. १.५ टेस्ला यंत्रात त्यांच्यातील अंतर सेकंदाला जेमतेम तेरा आवर्तनांचे असते. ३ टेस्ला यंत्रात ते दुप्पट होते. क्षेत्र एकसारखे नसेल तर शिखरे पसरट होऊन एकमेकांत मिसळतात. अधिक क्षमतेच्या यंत्राचा आग्रह धरला जातो, त्याचे एक कारण हे होय.

झटक्यामागील रसायन : संशोधनातून काय आढळले

केंद्रीय अपस्माराच्या रुग्णांत या तंत्राचा वापर माँट्रिअल येथील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. पुढील चार-पाच वर्षांत सॅनफ्रान्सिस्को, लंडन आणि अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथूनही अभ्यास आले. सर्वांचा मुख्य निष्कर्ष एकच होता : ज्या बाजूच्या शंखखंडातून झटके सुरू होतात, त्या बाजूस एनएएचे प्रमाण घटलेले असते. हे प्रमाण पुष्कळदा एनएए भागिले क्रिएटीन व कोलीन यांची बेरीज, अशा गुणोत्तराने व्यक्त केले जाते. बहुसंख्य रुग्णांत घट दर्शविणारी बाजू ईईजीने दाखविलेल्या बाजूशी जुळली. ज्यांचा एमआरआय निर्दोष होता अशांपैकीही काहींमध्ये ही घट आढळून आली.

आरंभी या घटीचा अर्थ सरळ लावला गेला. एनएए चेतापेशींत असते; एनएए कमी, म्हणजे चेतापेशी मेलेल्या. हिप्पोकॅम्पस आक्रसतो हे तर ठाऊकच होते. त्यामुळे हे स्पष्टीकरण सहज पटण्यासारखे होते. परंतु आकडेवारी त्यात बसेना. ज्यांच्या झटक्यांची सुरुवात निश्चितपणे एकाच बाजूस होती, अशा अनेक रुग्णांत दुसऱ्या बाजूसही एनएए कमी आढळले, जरी तेथील हिप्पोकॅम्पसचा आकार प्राकृत होता. हिप्पोकॅम्पस जितका लहान तितके एनएए कमी, असाही संबंध नीट प्रस्थापित होईना. २००१ मध्ये अलाबामा येथील गटाने शस्त्रक्रियेत काढलेल्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींची सूक्ष्मदर्शकाखाली गणना करून ती आधी घेतलेल्या वर्णपटाशी ताडून पाहिली. दोहोंत अपेक्षित संबंध मिळाला नाही.

याहूनही महत्त्वाचा पुरावा शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांतून मिळाला. १९९६ आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत असे आढळले की, एका बाजूचा रोगट शंखखंड काढल्यावर ज्या रुग्णांचे झटके थांबले, त्यांच्या दुसऱ्या बाजूचे घटलेले एनएए पुन्हा प्राकृत पातळीकडे आले. माँट्रिअलच्या अभ्यासात तर शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या उरलेल्या भागातही ही सुधारणा दिसली. ज्यांचे झटके चालू राहिले त्यांच्यात ती दिसली नाही. मेलेली चेतापेशी परत येत नाही. म्हणून निदान दुसऱ्या बाजूची घट ही मृत्यूची खूण नव्हती. ती दुसरीकडून येणाऱ्या सततच्या झटक्यांनी थकलेल्या, ऊर्जेच्या दृष्टीने दुबळ्या झालेल्या जिवंत पेशींची खूण होती, असेच मानावे लागते. एनएए मायटोकॉन्ड्रियांत तयार होते, ही बाब या अर्थाशी सुसंगत आहे.

या एका निष्कर्षाने दोन व्यावहारिक गोष्टी बदलतात. पहिली, दोन्ही बाजूंस एनएए कमी आहे एवढ्यावरून रुग्णाला शस्त्रक्रियेस अपात्र ठरविणे योग्य नाही; दुसरी बाजू केवळ ग्रासलेली असू शकते. अर्थात दुसऱ्या बाजूची घट तीव्र असेल तर शस्त्रक्रियेच्या यशाबद्दल सावध राहावे, असेही काही अभ्यास सुचवितात आणि हा मुद्दा अद्याप पूर्णपणे निकालात निघालेला नाही. दुसरी गोष्ट विलंबाविषयीची. झटका एका ठिकाणाहून सुरू होत असला तरी त्याचा भार मेंदूचा इतर भागही वाहतो. रुग्णाचे पाठांतर कमी पडते, परीक्षेत लिहिताना आठवत नाही, याचे खापर केवळ गोळ्यांच्या गुंगीवर फोडले जाते. गुंगी असतेच, परंतु थांबू शकणारे झटके थांबविले न गेल्याचा वाटाही त्यात असू शकतो. हा वाटा भरून येण्याजोगा आहे, हे वर्णपटाने दाखवून दिले. या तंत्राचे मोल बाजू ठरविण्यापेक्षाही या ज्ञानात अधिक आहे, असे म्हणता येईल.

मर्यादा :

तंत्राच्या मर्यादा ठळक आहेत आणि अहवाल वाचणाऱ्यांकडून त्या बऱ्याचदा दुर्लक्षिल्या जातात. हिप्पोकॅम्पस कवटीच्या तळाशी, कानाच्या हाडाजवळ असतो. हाड, हवा आणि मेंदू यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र एकसारखे राहत नाही. त्यामुळे नेमका हवा तोच भाग मोजण्यास सर्वांत अवघड ठरतो. हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे तीन घनसेंटिमीटर. आठ घनसेंटिमीटरचा ठोकळा निवडला तर त्यात निम्म्याहून अधिक भाग शेजारचा येणार हे गणिताने स्पष्ट आहे. गुणोत्तराची अडचण आणखी सूक्ष्म आहे. आधारपेशी वाढल्या की क्रिएटीन व कोलीन वाढू शकतात. अशा वेळी एनएए तेवढेच असतानाही गुणोत्तर घटते. शिवाय हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या टोकाकडील आणि मागच्या टोकाकडील प्राकृत प्रमाण सारखे नसते, आणि ते वयानुसारही बदलते. म्हणून त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने तपासलेल्या निरोगी व्यक्तींची तुलनात्मक आकडेवारी ज्या केंद्राकडे नाही, त्या केंद्राच्या ‘एनएए कमी’ या शेऱ्यास फारसा अर्थ उरत नाही. उपलब्ध अभ्यासांच्या २००६ मधील एकत्रित विश्लेषणानेही हे तंत्र उपयुक्ततेची शक्यता असलेले, परंतु अद्याप संशोधनाच्या पातळीवरील साधन असल्याचेच मत नोंदविले होते.

भारतीय परिस्थितीत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे अपस्मारामागे फीतकृमीच्या अळीची गाठ किंवा क्षयाची गाठ असू शकते. पूर्वी सीटी स्कॅनमध्ये लहान कडेदार गाठ दिसली की क्षयाची औषधे सुरू होत. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८९ पासून दाखवून दिले की यांतील बहुतेक लहान गाठी अळीच्या असतात. दूषित पाणी व न धुतलेल्या भाजीतून कृमीची अंडी पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणूसही यातून सुटत नाही. मोठ्या गाठीच्या वर्णपटात मेदाचे उंच शिखर आढळल्यास ती क्षयाची असण्याची शक्यता वाढते आणि येथे वर्णपटमितीची खरोखर मदत होते. पण गाठ सेंटिमीटरभराची असेल तर ठोकळ्यात आजूबाजूचा मेंदूच अधिक येतो.

ग्लुटामेट, गाबा आणि ग्लुकोज :

झटका हा उत्तेजनाचा अतिरेक आहे, तर ग्लुटामेट थेट का मोजू नये, असा प्रश्न साहजिक आहे. १९९३ मध्ये येल येथे शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूत सूक्ष्म नलिका ठेवलेल्या सहा रुग्णांत, झटक्याच्या आधीच रोगट हिप्पोकॅम्पसमधील पेशीबाह्य ग्लुटामेट वाढू लागते, हे प्रत्यक्ष मोजले गेले. त्याच विद्यापीठात व्हिगॅबॅट्रिन हे औषध घेणाऱ्यांच्या मेंदूतील गाबाची वाढही वर्णपटाने टिपण्यात आली. मात्र नेहमीच्या यंत्रात ग्लुटामेटचे शिखर ग्लुटामाइनच्या शिखरात मिसळते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ७ टेस्ला यंत्रावर ग्लुटामेटचा नकाशा काढण्याची निराळी पद्धत विकसित केली. २०१५ मध्ये, एमआरआय निर्दोष असलेल्या चार रुग्णांवर ती वापरली असता चौघांतही रोगट बाजू अचूक ओळखता आली. चार ही संख्या लहान आहे. तरीही ज्यांच्याबाबतीत इतर सर्व प्रतिमा मूक होत्या असेच हे रुग्ण होते.

ग्लुकोजचा वापर दाखविणारी पेट तपासणी याच कुळातील. झटके नसतानाच्या काळात रोगट शंखखंड ग्लुकोज कमी वापरतो आणि प्रतिमेत फिका दिसतो. तिच्यासाठी लागणारे किरणोत्सर्गी फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते, म्हणजे ते तयार करणारे सायक्लोट्रॉन काही तासांच्या अंतरावर हवे. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. आज चिकित्सेत बाजू ठरविण्यासाठी वर्णपटापेक्षा पेटचाच वापर अधिक होतो.

नायगाव परिसरातील रुग्ण आणि तपासण्यांचा क्रम :

नायगावचा रुग्ण प्रथम नांदेडला जातो आणि तेथून पुढे जावे लागले तर त्याच रस्त्याने उलट दिशेला, देगलूरमार्गे हैदराबादकडे, किंवा रेल्वेने मुंबईकडे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अपस्मार शस्त्रक्रियेची सोय आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा कार्यक्रम १९९५ पासून चालू असून, बहुसंख्य रुग्णांची निवड उत्तम एमआरआय आणि चित्रफितीसह घेतलेल्या ईईजीवर, महागड्या तपासण्यांच्या आहारी न जाता करता येते, हे त्या संस्थेने दाखवून दिले आहे. हा अनुभव येथे मार्गदर्शक ठरावा. चयापचय द्रव्यांचे प्रतिमांकन हे या दोन तपासण्यांनंतरचे, त्यांच्यात मेळ बसत नसेल तेव्हाचे साधन आहे. ईईजी न करताच ‘स्पेक्ट्रोस्कोपीसह एमआरआय’ करून घेणाऱ्या कुटुंबाचे एका पिकाचे उत्पन्न खर्ची पडते आणि प्रश्न तेथेच राहतो.

क्रमाच्या आरंभी असलेली गोष्ट तर विनामूल्य आहे. झटका प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सुरुवातीला मान कोणत्या बाजूस वळली, कोणता हात आखडला, कोणता हात चाळा करीत होता, बोलणे किती वेळाने परत आले, हे सांगितले तर बाजू ठरविण्यास मोठी मदत होते. वसतिगृहातील मैत्रिणीने मोबाईलवर केलेले एक मिनिटाचे चित्रण तज्ज्ञाला अनेक पानी फायलीपेक्षा अधिक सांगते. अर्थात ते रुग्णाच्या संमतीनेच जपले व दाखविले गेले पाहिजे.

त्यानंतर एमआरआय. डोकेदुखीसाठी काढतात तसा साधा एमआरआय येथे पुरत नाही, कारण जाड छेदांत हिप्पोकॅम्पसचा दोष निसटून जातो. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या कार्यगटाने २०१९ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत एक मिलिमीटर जाडीचे त्रिमितीय छेद आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले छेद अपेक्षित आहेत. ३ टेस्ला यंत्र उत्तम, परंतु १.५ टेस्ला यंत्रावरही हे करता येते. त्यासाठी पाठविणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केवळ ‘एमआरआय ब्रेन’ एवढे न लिहिता ‘अपस्मार पद्धतीने, शंखखंडाकरिता’ असे स्पष्ट लिहिलेले असावे लागते. आणि पुढे कधी वर्णपट घेण्याची वेळ आलीच, तर शेवटचा झटका कोणत्या दिवशी, किती वाजता आला होता हे तंत्रज्ञाला आधी सांगावे लागते. कारण लॅक्टेटच्या शिखराचा अर्थ त्या वेळेवाचून लावता येत नाही.